सुतारकामाची धूळ व विसराळू हात

घरच्या घरीं लाकूडकाम करण्याची हौस पुष्कळांस असते, आणि ती आम्हांस स्तुत्य वाटते. ज्याचा हात रंध्यावर बसला, त्यास श्रमाची किंमत निराळी शिकवावी लागत नाहीं. कित्येक कुटुंबांत तर हा पिढीजात धंदाच आहे. परंतु हातकरवतीच्या जागीं विजेची करवत आल्यापासून घरांत एक शत्रु अधिक जोरानें शिरला आहे. तो म्हणजे लाकडाची बारीक धूळ.

भुसा डोळ्यांस दिसतो. तो केरसुणीनें भरतां येतो. खरें भय न दिसणाऱ्या भुकटीचें आहे. माणसाचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनांहून बारीक कण हवेंत बराच वेळ तरंगत राहतात व श्वासाबरोबर छातींत उतरतात. इंग्लंडांतील हाय विकम हें गांव लाकडी सामानाकरितां प्रसिद्ध होतें. तेथील कारागिरांना नाकाचा कर्करोग इतरांहून कितीतरी अधिक प्रमाणांत होतो, असें डॉ. एस्मी हॅडफील्ड व त्यांचे सहकारी यांनीं १९६८ सालीं दाखवून दिलें. पुढें १९९५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें लाकडाच्या धुळीची गणना मनुष्यास निश्चितपणें कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली. आठवड्यांतून एखादा तास काम करणाऱ्या मुलानें घाबरून जावें, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या घरीं पडवींतच कारखाना आहे, तेथें तीच हवा पाळण्यांतील लेकरूंही घेतें, हें विसरतां कामा नये.

धूळ ओढून घेणारीं यंत्रें आज मिळतात. त्यांपैकीं कांहींत शंकूच्या आकाराचें पात्र असतें. त्यांत हवा भोवऱ्यासारखी फिरते, जड कण कडेस फेकले जाऊन खालीं पडतात, आणि उरलेली बारीक भुकटी गाळणींत अडकते. पण यंत्र कोपऱ्यांत उभें असून काय उपयोग? तें चालू करावें लागतें. “एकच फळी तर कापावयाची आहे,” असें म्हणून दुसरें बटण दाबण्याचा कंटाळा केला जातो, आणि अशा एकेक फळीनें वर्ष भरतें.

म्हणून हें काम माणसाच्या स्मरणशक्तीवर न सोंपवितां विजेवरच सोंपवावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. करवतीस वीज पुरविणाऱ्या दोन तारांपैकीं एकीभोवतीं लहानसें वेटोळें बसवितात. करवत सुरू होतांच त्या वेटोळ्यांत सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो व त्याच्या इशाऱ्यानें धूळयंत्र आपोआप चालूं लागतें. वेटोळें दोन्ही तारांभोवतीं घातलें तर येणारा व जाणारा प्रवाह एकमेकांचा परिणाम नाहींसा करितात, आणि इशारा मिळतच नाहीं. याचें कारण विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं स्वतः शोधून पाहावें. दोन्ही मोटारींचा भार एकदम पडूं नये म्हणून धूळयंत्र क्षणभर मागाहून सुरू करितात, आणि नळींतील भुसा निघून जावा म्हणून करवत थांबल्यावरही तें कांहीं सेकंद चालूं ठेवितात.

अशानें मुलें आळशी होतील, असा आक्षेप कोणी घेतील. आम्हांस तो पटत नाहीं. कुकरच्या झडपेनें गृहिणी आळशी झाली नाहीं, कीं फ्यूजनें घरधनी बेफिकीर झाला नाहीं. कारागिराचें चित्त पात्यावर व आपल्या बोटांवर असावें. तें बटणांच्या आठवणींत वाटून टाकण्यांत कसलें शिक्षण आहे?

तथापि आपोआप चालणारें यंत्र म्हणजे सर्व काळजींतून सुटका नव्हे. पॉलिशकागद हातानें घासतांना वीज लागत नाहीं, म्हणून यंत्र जागें होत नाहीं. आणि अत्यंत बारीक धूळ तर त्याच वेळीं उडते. तेथें माणसानेंच जागें राहावें. नळीचें तोंड पात्याजवळ असावें, गाळणी वेळोवेळीं साफ व्हावी, आणि करवत थांबली म्हणून नाकावरील मुखपट्टी लगेच काढूं नये, कारण धूळ मागें राहते.

ज्यांस हा खर्च झेपत नाहीं, त्यांनीं काम उघड्या अंगणांत करावें, चांगली मुखपट्टी लावावी, आणि कोरड्या झाडूऐवजीं ओल्या फडक्यानें धूळ पुसावी. ज्यांस झेपतो, त्यांनीं करवतीची किंमत विचारतांनाच धुळीच्या बंदोबस्ताची किंमतही विचारावी, आणि तारांची जोडणी जाणत्या वीजकारागिराकडूनच करून घ्यावी. विद्यार्थिमित्रहो, चौरंग आज झाला नाहीं तर उद्यां होईल. फुप्फुसें मात्र दुसरीं घडवितां येत नाहींत.