आग सोमेश्वरी

गंगापूर रोडने आनंदवल्ली मागे टाकून सोमेश्वरला निघालेला नाशिककर आधी एकच प्रश्न विचारतो, ‘धरणातून पाणी सोडले आहे का?’ सोडले असेल, तर काळ्या कातळावरून पांढरेशुभ्र पाणी कोसळताना दिसते. नसेल, तर उघडा कातळ आणि डबकी पाहून तो मक्याचे कणीस खातो व घरी येतो. जिचे खळाळणे कोणाच्या तरी हुकुमावर अवलंबून आहे, त्या नदीला आपण दक्षिणगंगा म्हणून हात जोडतो. हात जोडायला हरकत नाही. त्या पाण्यात हातपाय हलवायला मात्र आपली हरकत आहे!

गैरसमज नको. १९६५ साली पुरे झालेल्या गंगापूर धरणाचे पाणी मी रोज पितो. धरण फोडा असे सांगायला मी बसलेलो नाही. माझे भांडण आहे ते वाहत्या पाण्यात खेळणे म्हणजे उनाडपणा, असे मानणाऱ्या शहाणपणाशी.

१९६९ चा पूर मी पाहिला तेव्हा सोळा वर्षांचा होतो. दुतोंड्या मारुतीच्या कोठपर्यंत पाणी आले यावर आम्ही पूर मोजत असू, आजही नाशिक तसाच मोजते. होळकर पुलावरून पुरात उडी घेणारे पट्टीचे पोहणारे तेव्हा पाहिले. त्यांचे अनुकरण करा असे मी म्हणणार नाही. पुरात उडी घेणे हा जिवाशी खेळच आहे. पण त्या माणसांना नदी वाचता येत होती. भोवरा कोठे फिरतो, धार कोणत्या काठाला ओढते, कोठे अंग सैल सोडायचे आणि कोठे तिरके मारून बाहेर निघायचे, हे त्यांना पाठ होते. ही विद्या कोणत्याही तलावात शिकवली जात नाही. पुढे आमच्या आळीतला एक मुलगा नदीत गेला. तरणतलावातली बक्षिसे त्याच्या घरी कपाटात होती. तो पुरात गेला नाही, गुडघाभर दिसणाऱ्या पाण्यात गेला. धारेने पाय काढला आणि तो धारेशी सरळ झुंजत राहिला. आम्ही सगळ्यांनी त्यातून धडा घेतला, तो उलटा! मी माझ्या मुलाला नदीत उतरू दिले नाही. आज तो रामकुंडावरून जाताना नाकाला रुमाल लावतो. नदी घाण झाली याचे त्याला दुःख नाही. कारण ती कधी त्याची नव्हतीच. हा अपराध माझा आहे.

‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ ही म्हण जणू आमच्यासाठीच झाली. खाली नदी पानवेलींनी गुदमरते, तिच्यात सांडपाणी मिसळते, प्रदूषणाविरुद्ध २०१२ साली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल करावी लागते. आणि आम्ही जलक्रीडेची सोय करतो ती वर, जलाशयावर, बोट क्लब काढून! साठलेल्या पाण्यावर यंत्राची नाव फिरवण्यात गंमत असेल, पण त्यात नदी कोठे आहे?

कोणी म्हणेल, ‘मग कोलाडला जा.’ जरूर जावे. कुंडलिकेच्या फेसाळत्या पाण्यात रबरी तराफा घालून, डोक्यावर हेल्मेट आणि अंगात लाइफ जॅकेट चढवून शेकडो लोक वल्ही मारतात. ज्यांना पोहता येत नाही तेही वाटाड्याच्या आरोळीसरशी खळाळ पार करतात. मात्र तेथील नदीही मोकळी आहे, असा भ्रम नको. ते पाणी मुळशीचे. पूर्वेला जाणाऱ्या मुळेचे पाणी अडवून, सह्याद्रीखाली उतरवून, भिऱ्याच्या वीजगृहात राबवून मग ते कुंडलिकेत सोडतात. त्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला आणि त्यातून सेनापती बापट पुढे आले, हे तराफ्यात बसणाऱ्याने विसरू नये. वीज बंद, तर खेळ बंद. तरीही कोलाड एक गोष्ट सिद्ध करते: पाणी केव्हा येणार हे ठाऊक असले आणि सोबत जाणता माणूस असला, की भयाचे शिक्षण होते.

मग आमच्याकडे काय अडते? गंगापूरचे पाणी खाली जातेच. पावसाळ्यात धरण भरले की जाते. तुटीच्या वर्षी २००५ च्या कायद्याने जायकवाडीसाठीही सोडावे लागते. सोमेश्वरचा कडा तराफ्याचा नव्हे, तो काठावरून पाहावा. पण जाणकारांनी खालचा योग्य टप्पा निवडावा. विसर्गाचा दिवस व तास आधी जाहीर करावा, वाटाडे तयार करावेत, शाळेच्या मुलांना दोरीच्या आधाराने धारेत उभे राहायला शिकवावे. यावर ‘शेतकऱ्याला पाणी नाही आणि यांना चैन सुचते!’ असा आरडाओरडा होईल. महाशय, तराफा पाणी पीत नाही. जे पाणी शेताकडे चालले आहे, तेच वाटेत चार पोरांना हसवून पुढे जाईल.

एवढ्यानेही नदी मोकळी होत नाही, हे मला कळते. ठरावीक तासांचा विसर्ग हा तमाशा झाला. नदी म्हणजे रात्रंदिवस वाहणारी धार. म्हणून थोडी का होईना, पण बारमाही धार धरणाखाली वाहती ठेवा, हीच माझी मुख्य मागणी आहे. ती मागणी कोण लावून धरणार? नदीला ओवाळून घरी जाणारे आम्ही तर साठ वर्षे गप्पच बसलो. जिच्या पाण्याची चव ज्याच्या नाकातोंडात गेली आहे, तोच त्या पाण्यात गटार सोडणाऱ्याची गचांडी धरील. काठावर धोक्याच्या पाट्या लावून आपण पोरांना नदीपासून वाचवले खरे. आता नदीला आपल्यापासून वाचवायला कोणी उरले आहे काय?