अंगणातला धबधबा

आमच्या पुतण्याने वालूरच्या जुन्या घरामागे धबधबा बांधायचं काढलंय. हो, धबधबाच! सिमेंटचा छोटा डोंगर, खाली हौद, मोटर सुरू केली की पाणी दगडांवरून खळखळत येणार. घरात लगेच दोन तट पडले. वहिनींचं म्हणणं, मराठवाड्यात राहून हे थेर कशाला? मला कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो.

वहिनींचं चुकत नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेही आपल्याच मराठवाड्यात. पुतण्या म्हणतो, "काका, तेच पाणी फिरत राहतं, खर्च कुठे होतंय?" होतं रे बाबा. आपल्याकडे मे महिन्यात उघड्या पाण्यातून दिवसाला सेंटिमीटरभर पाणी सहज उडतं. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद हौद धरला तर झाले रोजचे 40 लिटर. पाणी आपटून उडणारे तुषार वेगळेच. शिवाय आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावर नुसता सिमेंटचा हौद बांधला तर तडे जाणारच. त्यापेक्षा शेततळ्याचं प्लास्टिक अंथरलेलं बरं.

पण म्हणून धबधबा नकोच, असं मात्र मी म्हणणार नाही. पाणी पडताना बघणं ही काही शहरी चैन नव्हे. नळदुर्ग पाहिलाय ना? बोरी नदीवरच्या बंधाऱ्यात 1613 साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात पाणीमहाल बांधला. नदी भरली की नर आणि मादी हे दोन धबधबे बंधाऱ्यावरून कोसळतात आणि माणूस आतल्या दालनात कोरडा उभा राहून ते बघतो. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) पाणचक्कीत डोंगरातलं पाणी नळांनी आणून उंचावरून सोडलं, त्यावर दळण दळलं. म्हणजे शोभा होतीच, पण आधी काम होतं.

आणि नळदुर्गचा धबधबा बारमाही नाही. उन्हाळ्यात तो कोरडा असतो, त्याला कुणी बिघडला म्हणत नाही!

म्हणून माझं म्हणणं, मोटर नको. आपल्या जुन्या माळवदाला पन्हळी होत्या. पावसात त्यांच्याखाली उभं राहून आम्ही सगळी भावंडं भिजलोय, आई ओरडेपर्यंत. आता तिथे स्लॅब आहे. 100 चौरस मीटर स्लॅबवर 10 मिलिमीटर पाऊस पडला तर 1000 लिटर होतात, गळती धरून 800 तरी हाती लागतील. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायचं, मग तीच धार दगडांच्या उतरंडीवरून खाली आणायची, वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून आडात सोडायची. दगड गावातलाच, काळा. सिमेंटचे खोटे खडक तर अजिबात नकोत, डोळ्यांना खुपतात.

गावातली बारव काय वेगळं सांगते? शंखासारख्या फिरत खाली जाणाऱ्या पायऱ्या... वर्षानुवर्षं गाळाने भरली होती, गावकऱ्यांनी खपून मोकळी केली. पाण्यापर्यंत पोचण्याचा रस्ताच इतका देखणा बांधणारी माणसं हौशी नव्हती असं कोण म्हणेल?

वहिनींना हे पटलंय, निदान "बघू" म्हणाल्यात. पुतण्याचा प्रश्न उरलाच, की मग मे महिन्यात पाहुणे आले तर त्यांना काय दाखवायचं? त्याला म्हटलं, बारवेवर ने.