कागदी कपातले कण: मोजायचे की तोलायचे?

चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा, बहुधा पॉलिएथिलीनचा, पातळ थर असतो. तो नसता तर कागद लगेच भिजला असता. गरम पाण्यात या थराचे काय होते, हे खरगपूर आयआयटीतील संशोधकांनी तपासले. ८५ ते ९० अंश सेल्सिअसचे १०० मिलिलिटर पाणी १५ मिनिटे कपात ठेवल्यावर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिककण आढळल्याचे त्यांनी २०२० मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका चिनी अभ्यासात पार्सलच्या डब्यांमागे ३ ते २९ कणच सापडले होते. वस्तू वेगळ्या, हे खरेच. पण एवढी तफावत बरीचशी मोजण्याच्या पद्धतीतून येते.

पाणी बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळले जाते. पडद्यावर उरलेला प्रत्येक ठिपका प्लास्टिकचा नसतो. नाइल रेड हा रंग प्लास्टिकला चिकटतो, तसा स्निग्धांशालाही. म्हणून अवरक्त किंवा रामन वर्णपटाने कणाची ओळख पटवावी लागते. पहिली पद्धत साधारण १० ते २० मायक्रोमीटरखाली अडखळते, दुसरी १ मायक्रोमीटरपर्यंत उतरते. कण जितके लहान तितकी त्यांची संख्या मोठी. त्यामुळे किमान आकार न सांगता दिलेला आकडा जवळजवळ निरर्थक असतो. शिवाय हवेतली धूळ आणि कपड्यांचे धागेही नमुन्यात पडतात. काचेच्या भांड्यात तेच पाणी ठेवून मिळालेली संख्या वजा करावी लागते.

ही काळजी घेऊनही फसगत होते. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाने २०१९ मध्ये प्लास्टिकच्या एका टीबॅगमधून १,१६० कोटी सूक्ष्मकण सुटतात असे मांडले. पाण्यात विरघळलेली लहान रेणुसाखळ्यांची द्रव्ये नमुना वाळवताना घट्ट होतात आणि कणांसारखी दिसतात, असा आक्षेप त्यावर जर्मन शास्त्रज्ञांनी घेतला.

कायदा मात्र कण मोजतच नाही, तोलतो. भारतीय नियमांनुसार वेष्टनातून अन्नात उतरणाऱ्या एकूण द्रव्याची मर्यादा किलोमागे ६० मिलिग्रॅम आहे. म्हणजे १०० मिलिलिटर पाण्यात ६ मिलिग्रॅम. ते २५,००० कण प्रत्येकी १० मायक्रोमीटर व्यासाचे गोळे मानले, तर त्यांचे वजन जेमतेम ०.०१२ मिलिग्रॅम भरते. कप आरामात पास! एवढ्याशा कणांची चिंता वजनाची नसून आकार, संख्या आणि रसायनांची असते, तिथे ही मर्यादा गैरलागू ठरते.

चाचण्या बहुतेक साध्या पाण्यावर होतात. तेलकट रश्शाने पडदा तुंबतो, म्हणून आधी अन्नांश रसायनांनी विरघळवावा लागतो आणि त्यात काही प्लास्टिकही झिजू शकते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२४ मध्ये लखनौ, कोची व पिलानी येथील संस्थांसह हाती घेतलेल्या प्रकल्पात अन्नातील सूक्ष्म व अतिसूक्ष्म प्लास्टिक मोजण्याच्या पद्धती ठरवणे हाच मुख्य भाग आहे.