प्रश्न शिवारातला, मार्गदर्शक कागदावरचा

भूम तालुक्यातील ईट हे बालाघाटाच्या डोंगररांगांच्या परिसरातले गाव. खरिपात सोयाबीन-उडीद, रब्बीत ज्वारी-हरभरा आणि जोडीला दुभती जनावरे, असा या भागाचा प्रपंच. भूमचा खवा दूरदूरच्या मिठाईवाल्यांना ठाऊक आहे. येथील कोरडवाहू शेतकऱ्याची विवंचना मात्र तितकी ठाऊक नाही. अशा गावातील मुले आज पुण्याला, सोलापूरला, छत्रपती संभाजीनगरला जाऊन संगणकशास्त्र आणि डेटा सायन्स शिकू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र शेवटच्या वर्षी संशोधन प्रकल्पाची वेळ येते, तेव्हा या मुलांच्या हाती काय पडते, याकडे आपण फारसे लक्ष दिलेले नाही.

मशीन लर्निंगच्या प्रकल्पांची कोणतीही यादी उघडावी. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजावरील कोणता प्रवासी वाचला असता? अमेरिकेतील बोस्टन शहरात घरांच्या किमती कशा ठरतात? आयरिस नावाच्या फुलाची जात त्याच्या पाकळीच्या लांबी-रुंदीवरून कशी ओळखावी? ही आयरिसची दीडशे फुले संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली अभ्यासली. त्यांतील बहुतेक कॅनडाच्या गास्पे द्वीपकल्पावरून गोळा केलेली होती. शिकाऊ विद्यार्थ्याने धुळाक्षरे गिरवावीत तशी ही उदाहरणे गिरवावीत, त्यात गैर काहीच नाही. पण धुळाक्षरे गिरवून झाल्यावर पत्र लिहायला शिकायचे असते. आपल्याकडे धुळाक्षरांनाच प्रबंध म्हणण्याची प्रथा पडते आहे.

शेतीशी जवळीक सांगणारा एक विषयही लोकप्रिय आहे : पानाच्या छायाचित्रावरून रोग ओळखणे. यासाठी ‘प्लांटव्हिलेज’ हा छायाचित्रांचा संग्रह सर्रास वापरला जातो. त्यात १४ पिकांची ५४,३०६ छायाचित्रे आहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात यंत्राने या संग्रहातील पाने ९९ टक्क्यांहून अधिक अचूकतेने ओळखली. आकडा दिपवणारा आहे. पण त्याच संशोधकांनी प्रामाणिकपणे पुढची गोष्टही नोंदवली : निराळ्या परिस्थितीत घेतलेली छायाचित्रे दाखवताच अचूकता सुमारे ३१ टक्क्यांवर आली. एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवलेले तोडलेले पान निराळे आणि वाऱ्यावर हलणारे, धुळीने माखलेले, अर्धवट सावलीतले पान निराळे. शिवाय या १४ पिकांत तूर नाही, हरभरा नाही, ज्वारी नाही. सोयाबीन आहे, पण त्याची केवळ निरोगी पाने आहेत. ज्याच्या सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडला आहे, त्या ईटच्या शेतकऱ्याला हे यंत्र काय सांगणार? तरीही ‘अचूकता ९९ टक्के’ असे ठळक अक्षरांत छापलेले प्रकल्प-अहवाल कपाटांत जाऊन बसतात आणि त्यांवर मार्गदर्शकाची स्वाक्षरी असते.

मार्गदर्शक या शब्दाचा अर्थच वाट दाखवणारा. आपल्या परंपरेत गुरूचे मोठेपण त्याने दिलेल्या उत्तरांवर जोखले गेले नाही. शिष्याच्या मनात योग्य प्रश्न उभा करणे हे त्याचे खरे काम मानले गेले. डेटा सायन्सच्या मार्गदर्शकाने विचारायचे प्रश्नही मोजकेच आहेत. ही माहिती कोणी गोळा केली, कोठे, केव्हा आणि कशासाठी? तीत कोण आले नाही? यंत्राने ज्यावर अभ्यास केला, त्याच्यावरच त्याची परीक्षा तर घेतली नाही ना? हा तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. पेपर फुटल्यावर मिळालेल्या गुणांना आपण गुणवत्ता म्हणत नाही. मशीन लर्निंगमध्येही असा ‘पेपर’ फुटतो : परीक्षेसाठी राखून ठेवलेली माहिती नकळत अभ्यासाच्या माहितीत मिसळते आणि निकाल खोटा चमकतो. प्रिन्स्टन विद्यापीठातील दोघा संशोधकांनी २०२३ साली दाखवून दिले, की १७ विद्याशाखांतील सुमारे तीनशे शोधनिबंधांना या दोषाची बाधा झाली आहे. जगातील नामांकित संस्थांत ही स्थिती असेल, तर घाईगर्दीत उरकलेल्या आपल्या प्रकल्पांविषयी वेगळे काय सांगावे?

यावर कोणी म्हणेल, हा सर्व गणितज्ञांचा ऊहापोह आहे. शेतकऱ्याला त्याचे काय? त्याचे उत्तर पीक विम्यात आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेत भरपाई ठरते ती महसूल मंडळातील पीक कापणी प्रयोगांवरून. मंडळातील निवडक शेतांत ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, त्यातील पीक कापून, मळून, वजन करायचे आणि त्यावरून साऱ्या मंडळाचे उत्पादन काढायचे, अशी ही पद्धत. उंबरठा उत्पादनापेक्षा हा आकडा जितका कमी, तितकी भरपाई अधिक. २०२३ च्या खरिपापासून भात आणि गहू, तर २०२४ पासून सोयाबीनच्याही उत्पादनाच्या अंदाजात उपग्रह आणि तंत्रज्ञानावर आधारित पद्धतीला किमान ३० टक्के भार देण्याचे केंद्राने ठरवले. महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातील विमा बंद झाला आणि भरपाईचा सारा भार उत्पादनाच्या याच आकड्यावर आला. त्याच वर्षी सप्टेंबरात अतिवृष्टीने भूम-परांड्यात हाहाकार उडवला. उभी पिके आणि त्यांखालची मातीही वाहून गेली. अशा वेळी उत्पादनाचा आकडा काढणारे गणित किती खरे, हा प्रश्न प्रयोगशाळेत कोंडून ठेवता येत नाही. तो थेट चुलीपर्यंत येतो.

विशेष म्हणजे या गणिताचा पाया घालणाऱ्यांत एक मराठी माणूस अग्रभागी होता. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात नेमन आणि पिअर्सन यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञांच्या सहवासात शिकले आणि १९३६ साली डॉक्टरेट मिळवून मायदेशी परतले. तोवर आपल्याकडे पिकाचा अंदाज आणेवारीच्या पद्धतीने, म्हणजे नजरेने, बांधला जाई. सुखात्मे आणि डॉ. विनायक गोविंद पानसे यांनी १९४० च्या दशकात यदृच्छ निवड केलेल्या शेतांत प्रत्यक्ष पीक कापून मोजण्याची पद्धत देशभर रुजवली. तेव्हा प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यासारखा थोर संख्याशास्त्रज्ञ अगदी लहान तुकडे कापण्याच्या बाजूचा होता. सुखात्म्यांनी दाखवून दिले, की तुकडा फार लहान असला तर कडेवरची रोपे आत मोजली जातात आणि उत्पादन वास्तवाहून अधिक दिसते. हा वाद मोठ्या माणसांचा होता, पण त्याचा निवाडा शेताच्या बांधावर, दोरी आणि खुंट्या घेऊन झाला. माहिती मोजतानाच चूक झाली, तर पुढचे कितीही थोर गणित ती भरून काढू शकत नाही, हाच त्याचा धडा. आज यंत्रे बदलली. धडा बदललेला नाही.

त्याच पिढीतले डॉ. वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली शिकले आणि १९५३ साली पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा करण्यास पुढे झाले. परदेशातील उत्तम गुरूकडे शिकावे आणि येथे येऊन स्वतः गुरू व्हावे, ही त्या पिढीची रीत होती. ज्ञान कोठूनही घ्यावे, त्यात संकोच नसावा. पण प्रश्न आपल्या मातीतला असावा. स्वदेशीचा ज्ञानक्षेत्रातला अर्थ याहून निराळा नाही.

मग आजचा मार्गदर्शक प्रश्न का विचारत नाही? सारा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांना उद्याची शाश्वती नाही, आणि एकेकाकडे प्रकल्पांचे गट मात्र ढिगाने. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएच.डी.चे विद्यार्थी घेता येतात. पदवीच्या प्रकल्पांनाही अशा शिस्तीची तितकीच गरज आहे. त्यात भर पडली शोधनिबंधांच्या संख्येच्या हव्यासाची. आयोगाने २०१८ साली आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात वगळली. विद्यापीठांनी शिफारस केलेल्या नियतकालिकांपैकी बहुसंख्य निकृष्ट असल्याचे पुण्यातील अभ्यासकांनीच त्या वर्षी उघड केले होते. जेथे निबंध विकत छापता येतो, तेथे तयार प्रकल्पही विकत मिळू लागतो. शहरांतील शिकवणी वर्गांच्या गल्ल्यांतून अहवालासह प्रकल्प देणाऱ्या पाट्या कोणालाही दिसतील. ईटहून बाप दुधाच्या पैशातून शुल्क पाठवतो आणि मुलगा त्याच पैशातून टायटॅनिकचा प्रकल्प विकत घेतो, याहून मोठी विटंबना ती कोणती?

यातून मार्ग आहे, आणि तो महागडा नाही. पहिले म्हणजे विषय आपल्या तालुक्यातून घ्यावा. महावेध प्रकल्पात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. पण एका शिवारात धो-धो आणि शेजारच्या शिवारात कोरडे, हा अनुभव कोणत्या शेतकऱ्याला नाही? ईट मंडळातील गावागावांत साधी पर्जन्यमापके ठेवून एक पावसाळा रोज नोंद केली, तर एका केंद्राचा आकडा साऱ्या मंडळाला कितपत लागू पडतो, हे आकड्यांनिशी सांगता येईल. सोयाबीनच्या रोगट पानांची छायाचित्रे शेतातच, तारीख-वेळेसह टिपली, तर परदेशी संग्रहात नसलेला खजिना आपल्या हाती येईल. दूध संकलन केंद्रावरील फॅटच्या नोंदी आणि जनावरांचा चारा यांचा संबंध अभ्यासता येईल. यासाठी महासंगणक लागत नाही. साधा लॅपटॉप, वही आणि सकाळी उठून शेतात जाण्याची तयारी एवढे पुरते.

दुसरे म्हणजे अशा प्रकल्पाला दोन मार्गदर्शक असावेत : एक महाविद्यालयातला, दुसरा मातीतला. तुळजापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे ग्रामीण विकासाचे संकुलही तेथेच आहे. धाराशिवला विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. कृषी सहायक, पशुवैद्य, दूध संस्थेचा सचिव, जाणता शेतकरी यांपैकी कोणाचीही स्वाक्षरी अहवालावर असण्यास कमीपणा का वाटावा? तिसरे म्हणजे अपयशालाही गुण द्यावेत. ‘आमचे यंत्र शेतात चालले नाही, आणि ते या कारणांमुळे’ असे सांगणारा विद्यार्थी ९९ टक्क्यांचा फुगा आणणाऱ्यापेक्षा अधिक शिकलेला असतो. आणि शेवटचे म्हणजे ज्याची माहिती घेतली त्याला निष्कर्ष मराठीत, ग्रामसभेत सांगावा. माहिती देणाऱ्याची संमती घेणे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने महत्त्वाचे ठरवले आहेच. पण कायद्याच्या आधी ते साध्या सौजन्यात बसते.

केंद्राने २०२४ साली दहा हजार कोटी रुपयांहून अधिक तरतुदीचे इंडिया एआय मिशन मंजूर केले. महाराष्ट्राने २०२५ साली शेतीसाठी महाॲग्री-एआय धोरण आणले आणि त्यासाठी ५०० कोटींची तरतूद केली. पैसा येतो आहे, यंत्रे येत आहेत. २०१८ पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या धाराशिवची प्रगतीही आकड्यांनीच मोजली जाते. हे आकडे कोणी तरी दूरवर बसून काढायचे आणि आपण ते निमूटपणे स्वीकारायचे, की आपल्याच मुलांनी ते तपासायचे, हे ठरवण्याची वेळ आली आहे. त्यासाठी ईटच्या मुलाला एक असा मार्गदर्शक हवा, जो अहवालावर स्वाक्षरी करण्यापूर्वी एवढेच विचारील : “बाळ, हे तू स्वतः मोजलेस का?”