पाटा चढविण्यापूर्वी गाडी तपासा

शेतमाल वेळेवर बाजारात पोहोचविण्यासाठी जुनी पिकअप गाडी विकत घेणारे शेतकरी आता गावोगाव आढळतात. नव्या गाडीचा खर्च न झेपणाऱ्या कुटुंबास ही सोय उपकारक आहे, यात शंका नाही. परंतु अशी गाडी धक्के देऊ लागली, एका अंगास कलली किंवा खडखडू लागली म्हणजे बहुधा दोनच उपाय केले जातात : शॉकॲब्सॉर्बर बदलणे, अथवा मागे आणखी एक पाटा चढविणे. दुखणे कोठे आहे हे न पाहता केलेला हा खर्च म्हणजे ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ असाच प्रकार होय. निदान झाल्यावाचून एक रुपयाही खर्चू नये आणि जादा पाटा हा तर उपायच मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, मागील भार पाटे पेलतात; शॉकॲब्सॉर्बर तो पेलीत नाही. पाटे दबून जी उसळी घेतात ती आवरणे, एवढेच त्याचे काम. म्हणून खाली बसलेली गाडी नव्या शॉकॲब्सॉर्बरने उचलली जात नाही, आणि सतत डोलणारी गाडी पाटा वाढवून स्थिर होत नाही.

तपासणीस फारशी साधने लागत नाहीत. रिकामी गाडी सपाट जागी उभी करावी व चाकांत ठरल्याप्रमाणे हवा भरावी. चाकाच्या मध्यापासून वर हौद्याच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंस टेपने मोजावे. तफावत आढळल्यास बसलेल्या बाजूचे पाटे धुऊन एकेक न्याहाळावेत. गंजाची बारीक रेघ पुष्कळदा चीर दाखविते. नंतर चाके सरळ ठेवून पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर दोन्ही बाजूंस मोजावे. ते लक्षात येण्याइतके भिन्न भरल्यास मागील आस सरकली असण्याचा संभव असतो. सैल पडलेले यू-बोल्ट व तुटलेला सेंटर बोल्ट ही त्याची नेहमीची कारणे होत.

शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळत असल्यास तो बदलावा. संशय असल्यास त्याचे खालचे टोक सोडवून तो हाताने ताणून व दाबून पाहावा. विरोध सर्वत्र सारखा लागला पाहिजे. गाडीचा कोपरा दाबून पाहण्याची रीत मागील बाजूस फसवी ठरते, कारण ताठ पाटे माणसाच्या वजनाने फारसे दबत नाहीत. खडखडाट होत असेल तर पाट्यांच्या टोकांचे बुश पहारीने हलवून तपासावेत. शेवटी मागील चाकांना उटी लावून पुढचे चाक जॅकने उचलावे व गाडीखाली भक्कम आधार द्यावा. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली शिरू नये. चाक वर-खाली धरून हलविता हालले, तर बेअरिंग, बॉल जॉइंट अथवा किंगपिन झिजलेले असते. केवळ आडवे हालले, तर दोष बहुधा स्टिअरिंगच्या सांध्यांत असतो.

कोणी म्हणेल, पाटा स्वस्त पडतो आणि चार क्रेट अधिक बसतात. हा हिशेब अपुरा आहे. पाटा वाढला म्हणून ब्रेक, आस, टायर व चासी यांची शक्ती वाढत नाही. रिकाम्या किंवा अर्ध्या भाराच्या फेरीत ताठ गाडी अधिक आदळते आणि टोमॅटो, द्राक्षे यांसारखा नाजूक माल वाटेतच दुखावतो. घाट उतरताना तर प्रश्न मालाचा राहत नाही, माणसांच्या जिवाचा होतो. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने जादा भारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास आणखी २,००० रुपये दंड ठरविला आहे. नोंदणी प्रमाणपत्रावर भारासह कमाल वजन नमूद असते. भरलेली गाडी एकदा भुईकाट्यावर नेऊन त्याच्याशी ताडून पाहावी. पाटे वारंवार मोडण्याचे कारण कित्येकदा तेथेच सापडेल.

सुगीत अशी तपासणी करण्यास सवड कोठे, हा आक्षेपही ऐकू येतो. परंतु भरल्या मालासह गाडी रस्त्यात अडली, तर अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ जातो. कुशल मिस्त्रीची गरज आहेच. मात्र मोजमापे हाती घेऊन त्याच्याकडे जाणाऱ्यास नको ते भाग बदलावे लागत नाहीत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी जुनी गाडी घेऊ इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास ही तपासणी विसार देण्यापूर्वीच करावयास सांगावे. बैल लंगडू लागला तर शेतकरी त्याचा खूर उचलून पाहतो, पराणी उगारीत नाही. तोच विवेक गाडीच्या बाबतीतही त्याने दाखवावा.