खाड्यापलीकडचा हिशेब

लालबागच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर दुधाचे खाडे मांडायचे, हा सासूबाईंपासून चालत आलेला नेम. किती पिशव्या आल्या, कुठल्या दिवशी आल्या नाहीत, सगळं त्या चौकोनात. दूध कसं होतं, हे मात्र आपण कुणीच लिहीत नाही. एखाद दिवशी साय पातळ आली की सरळ दूधवाल्या पोराची हजेरी घेतो, "काय रे, पाणी घालता काय?"

सणवार जवळ आले की भेसळीच्या धाडींच्या बातम्या येतात. धाडी हव्यातच. पण मैत्रिणींनो, दुधाचं दुखणं तेवढंच नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातले ६,४३२ नमुने तपासले. आरोग्याला घातक अशी भेसळ निघाली १२ नमुन्यांत. पण ७७ नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर होते आणि ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरसटलेल्या चाऱ्या-पेंडीतून दुधात उतरणारं विष. ही दोन्ही आपण दूध कितीही उकळलं तरी जात नाहीत. म्हणजे राखण गोठ्यातच व्हायला हवी.

ती कशी, हे मला बचत गटाच्या कामासाठी सांगली जिल्ह्यातल्या एका गावी गेले तेव्हा उमगलं. तिथल्या एका वहिनींनी डेअरीच्या पावत्यांचा गठ्ठाच पुढे ठेवला. फॅट, एसएनएफ, लिटर, दर. म्हणाल्या, "ताई, एक दिवस फॅट कमी लागली की घरात भांडण. पाणी घातलंस का म्हणून मलाच विचारत्यात." आम्ही पावत्या एकीखाली एक मांडल्या. फॅट रोज थोडी वर, थोडी खाली. तो म्हशीचा स्वभावच, सकाळ-संध्याकाळचं दूधसुद्धा सारखं नसतं. पण एसएनएफ बघितलं तर ९.३, ९.२, ९.२, ९.१, ९.०, ९.०, ८.९, ८.८. आठ दिवस एकदाही वर नाही. "मग पुढं काय झालं?" "पुढं कासेला दगडी झाली. डॉक्टर, इंजेक्शनं, आणि तेवढे दिवस दूध घालायचं बंद." पावत्या आठवडाभर आधीपासून सांगत होत्या, वाचणारं कुणी नव्हतं. आणि वहिनी भांडण सोसत होत्या ते भलत्याच दिवसाचं.

मी कला शाखेची, आकडेमोडीला घाबरणारी. पण घरी आल्यावर भाच्याने समजावलं की याचं शास्त्र जुनं आहे. अमेरिकेत टेलिफोनचं सामान बनवणाऱ्या कारखान्यासाठी वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली एक साधा तक्ता काढला. काही दिवसांच्या नोंदींची सरासरी काढून मधोमध एक रेघ ओढायची. रोजचा चढउतार किती, ते मोजून तिच्या वर एक आणि खाली एक रेघ. मग रोज एक ठिपका. ठिपके रेघांच्या आत इकडेतिकडे हलले तर उगाच आरडाओरडा करायचा नाही. एखादा बाहेर गेला किंवा सात-आठ ठिपके ओळीने एकाच दिशेला निघाले, तर गोठ्यात जाऊन बघायचं. कास, चारा, पाणी, भांडी. काय बिघडलं ते तक्ता सांगत नाही. काहीतरी बदललंय एवढं मात्र वेळेवर सांगतो.

तुम्ही म्हणाल, चौथी शिकलेल्या बाईला आलेख कसा कळणार? अहो, अंगणवाडीत बाळाच्या वजनाचं कार्ड असतं ना? रंगीत पट्ट्यांमधला ठिपका खाली घसरला की आई बरोबर ओळखते. मग म्हशीचं कार्ड तिला का जमू नये? धार बहुतेक घरांत तीच काढते. डेअरीच्या संगणकात तिचे आकडे रोज पडतात, पण कामी येतात ते दर कापायला. दर महिन्याला तेच आकडे ठिपके मांडून तिच्या हाती द्यायला कितीसा खर्च येईल? दूधसंघांनी एवढं करावंच. दगडी आधी कळली तर औषध कमी लागेल आणि आपल्या पोरांच्या कपातही कमी उतरेल.

सासूबाई आरेच्या केंद्रावर काचेच्या बाटल्यांसाठी रांग लावायच्या. मुंबईतले तबेले गोरेगावला हलवून दूध एका नजरेखाली आणावं, म्हणून १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली. आज आपलं दूध कोल्हापूर, सांगली, संगमनेरहून येतं. तिथे नजर ठेवणारी ती वहिनीच. तिच्या हाती तक्ता हवा.

मी सध्या कालनिर्णयावर खाड्याशेजारी सायीसाठी एक ठिपका देते. परवा साय पातळ आली, तेव्हा आधी मागचे दहा चौकोन बघितले. ठिपके नेहमीसारखेच होते. त्या पोराला त्या दिवशी काही बोलले नाही.