पंख कोठून फुटतात?

शेजारच्या एका मुलीने परवा मला आपले चित्र दाखविले. सिंहाचे धड, मोराची मान आणि पाठीवर वटवाघळाचे पंख असा तो प्राणी होता. अल्कोहोल मार्करने भरलेले रंग फार सुरेख उतरले होते. तरीही तो प्राणी उडेल असे काही केल्या वाटेना. मी तसे म्हणताच ती म्हणाली, "काल्पनिकच तर आहे! त्याला हाडे कशाला हवीत?" पुष्कळ मोठ्या माणसांचेही मत असेच असते. मला मात्र ते पटत नाही.

पंख म्हणजे पाठीला डकवलेला कागद नव्हे. पक्ष्यांचे आणि वटवाघळांचे पंख हे त्यांचे पुढचे पायच होत. वटवाघळाचा अंगठा मोकळा असतो; उरलेली चार बोटे लांबच लांब वाढतात आणि छत्रीच्या काड्यांवर कापड ताणावे, तशी त्यांच्यावर पातळ त्वचा ताणलेली असते. पंख खाली ओढणारे बळकट स्नायू छातीत असतात, पाठीत नव्हे. चार पाय आणि शिवाय दोन पंख असलेला पाठीच्या कण्याचा प्राणी निसर्गात नाही. मग सिंहाला पंख देऊच नयेत काय? खुशाल द्यावेत! पण पुढच्या खांद्यामागे दुसऱ्या खांद्याला जागा करून द्यावी आणि छाती चांगली खोल काढावी.

गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला एक गेंडा १५१५ साली गोव्याहून जहाजाने लिस्बनला गेला. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. कोणीतरी पाठविलेले वर्णन आणि एक रेखाटन, एवढ्यावर त्याने त्याचे चित्र केले. कातडी चिलखतासारखी झाली आणि खांद्यांवर एक जादा शिंगही उगवले. तरी युरोपातील लोक दोनशेहून अधिक वर्षे तोच खरा गेंडा मानत राहिले. का बरे? माझ्या मते, त्या जाड पायांवर देहाचा सगळा भार पडलेला दिसतो म्हणून. आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवरचा शरभ पाहा. पुराणांतील शरभाला आठ पाय सांगितले आहेत. शिल्पकाराने मात्र बहुधा त्याला सिंहासारखे चारच पाय दिले.

मार्करची गंमतही येथेच आहे. त्याची शाई पारदर्शक असते आणि चटकन वाळते. थरावर थर दिला की रंग गडद होतो, पण गडद झालेला रंग पुन्हा फिका करणे कठीण. (शाई कागदातून झिरपते, म्हणून खाली एक जास्तीचा कागद ठेवावा.) तेव्हा उजेड कोठे सोडायचा हे आरंभीच ठरवावे लागते, आणि कातडीखाली हाड कोठे वर आले आहे, स्नायू कोठे फुगला आहे, हे ठाऊक नसेल तर ते ठरवणार कसे?

मी त्या मुलीला गल्लीतल्या कुत्र्याकडे पाहायला सांगितले. त्याच्या मागच्या पायाचा जो गुडघा उलटा वळलेला दिसतो, ती खरे म्हणजे टाच असते. गुडघा वर, पोटाजवळ असतो. ती पायरीवर बसून बराच वेळ पाहत राहिली. मग तिने माझ्याजवळ पेन्सिल मागितली.